मोहाखालचा काळा गोल

तिसऱ्या झाडाखालीही राखच. मी वाटलेली हिरवी जाळी मात्र नीट घडी घालून फांदीवर ठेवलेली.

मी देवरी तालुक्यात वनरक्षक आहे. लोक गार्डबाई म्हणतात. रोज पायी फिरते तेवढं जंगल माझं बीट. मोहाची फुलं पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत, म्हणून वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. आग तिथं थांबत नाही. रानकोंबडीची अंडी जातात, मोहाची कोवळी रोपं जातात. माझ्या बीटमधले मोह सगळे म्हातारे, तरणं झाड शोधून सापडत नाही. म्हणून मी ऑफिसच्या मागं लागून जाळ्या आणल्या. जाळी अंथरा, फुलं वरच पडतील, आगीची गरज नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, तेही बॉटनी घेऊन. जाळीची कल्पना माझीच, याचा मला फार अभिमान होता.

रेंजर साहेबांचा फोन आला.

"आग प्लँटेशनला लागता लागता राहिली. कोणी जाळलं?"

"सुकवाराबाईनं, सर."

"सोमवार तक केस बनाओ."

"सर, मोह पडायला लागला. पंधरा दिवसांचा सीझन. ती कोर्टात बसली तर वेचणार कधी?"

"मग आग थांबवून दाखवा. पुन्हा धूर दिसला तर केस."

गावातली सुकवाराबाई दर साली पाच झाडं वेचते; तिची अजून दोन जाळायची बाकी होती. मी तडक तिच्या घरी गेले. ती अंगणात टोपलीचा काठ बांधत होती.

"मावशी, जाळी काऊन नाही वापरली?"

"वापरीन ना. फुलं पडले का अंथरीन. बेस हाय तुही जाळी."

"मंग जाळलं कायले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, लहान पोराकडे पाहावं तसं. "तू त कालेजात गेली होती ना वं? जाळलं नाही त लोकाईले कसं समजन, का हे झाड धरलं मनून?"

मी तिथंच खाली बसले. जंगलातलं झाड कागदावर कोणाचंच नसतं. ज्या बाईनं आधी काळा गोल केला, त्या सालचं झाड तिचं. दुसरी कोणी त्याखाली वाकत नाही. आग म्हणजे तिच्या नावाची पाटी होती, आणि मी ती पाटी काढायला निघाले होते.

"चुन्याची रेघ मारू?"

"चुना लागलेला मोह कोन घेईन? तू खाशीन?" ती हसली. मग टोपली बाजूला ठेवून म्हणाली, "शेणानं सारवलं त? सारवल्यावर कोनी पाय नाही देत."

दुपारी आम्ही दोघींनी चौथ्या झाडाभोवतीचा पाचोळा झाडून हातभर रुंद गोल पट्टा सारवला. युनिफॉर्मच्या बाह्या कोपरापर्यंत वर. तेवढ्यात शेजारची बुधनबाई टोपली घेऊन आली.

"अवं, सरकारनं गार्डबाईले सारवाले ठेवलं का?"

"हो, तुह्या घरचंबी सारवून देते," मी म्हणाले.

ती हसत हसत झाडापर्यंत आली. पट्ट्यापाशी थांबली. खाली पाहिलं. आणि बाहेरून वळसा घालून पुढच्या झाडाकडे गेली. सुकवाराबाईनं मला कोपरानं ढोसलं.

पाचवं झाडही तसंच सारवलं. धूर दिसला नाही, केस झाली नाही. सुकवाराबाईनं पाचही झाडं वेचली, जाळी अंथरून. पुढच्या साली गावातल्या बऱ्याच बायकांनी सारवलं. दोघी-तिघी अजून जाळतात. त्यांच्याशी माझी भांडणं चालू आहेत. पण न जळलेल्या झाडांखाली मोहाची वीतभर रोपं उभी आहेत. मी जाऊन जाऊन मोजते.

रिपोर्टात 'उपाययोजना' असा रकाना असतो. मी साहेबांना विचारलं, "सर, शेण लिहू?"

"लिहा. और क्या."

जाळ्या मागवण्याआधी सुकवाराबाईच्या अंगणात अर्धा तास बसले असते, तर पहिल्या तीन झाडांखालचं रानही वाचलं असतं. मी विचारलं, पण राख झाल्यावर.