फोटोतला सरबताचा ग्लास

मंगळवारी माझी पत्नी गेली. दहाव्या दिवशी मुंडन करायला मी ओहायोतल्या आमच्या गावच्या सलूनमध्ये गेलो. न्हावी लेबनॉनमधल्या टायर शहरातला निघाला. तिथले समुद्रकाठचे रोमन अवशेष आम्ही नवरा-बायकोनं पाहिले होते. खांबांपाशी हसत उभी असलेली ती मी त्याला फोनवर दाखवली. त्यानं फोटो मोठा केला, तो तिच्या हातातल्या सरबतावर.

"ग्लास काय बघतोस? ही माझी वाइफ आहे!"

"सॉरी, ब्रदर. ग्लासवर माझ्या भावाच्या दुकानाचं नाव आहे. तो सगळ्या गिऱ्हाइकांना असंच हसवायचा. बॉम्ब पडला, दुकान गेलं, तोही गेला."

लाजेनं खाली गेलेली माझी मान त्याला वस्तरा फिरवण्यासाठी हलकेच वर करावी लागली.

फोटो मी त्याला पाठवला. आता तो आम्हा दोघांकडे आहे.