अत्तरावरची चारोळी

त्या वर्षी मी प्राचीन रोममधल्या उपहासकवींच्या इंग्रजी भाषांतरांनी झपाटलो होतो. रंगवलेले केस, उसनी अंगठी, जेवणावळीत वशिल्याने घुसलेला पाहुणा, कुणाकुणाला ते सोडत नसत. वाचून माझ्या हाताला खाज सुटली होती. आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत शेलापागोटे लिहायचं काम दरवर्षी माझ्याकडेच असे. मंडळींवर चार-चार ओळी करायच्या, सगळ्यांसमोर वाचायच्या, ज्याच्यावर ओळी असतील त्याने हसत चिठ्ठी घ्यायची.

आमचा मखर करणारा सुतार रत्नागिरीकडचा, राहायला जलीबच्या कामगार वस्तीत. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी सहाला मंडळाच्या फिंतासमधल्या हॉलवर हजर. दुपारी जेवायला बसताना अंगावर अत्तर इतकं, की शेजारी बसणाऱ्या माझ्या बायकोचा वरणभातही दरवळे. मी लिहिलं, त्या चारोळीतल्या शेवटच्या दोन ओळी:

अत्तर येते आधी, मागून सुतार येतो,
आंघोळीचा मुहूर्त म्हणे दिवाळीलाच घेतो.

हॉल खदखदून हसला. तोही हसला, पुढे येऊन चिठ्ठी घेतली, घडी करून खिशात ठेवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुढच्या वर्षी त्याने मखर उभा केला आणि आरतीआधीच निघून गेला. पंगतीत त्याची जागा रिकामी होती. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तोवर त्या कवींबद्दल थोडं जास्त वाचून झालं होतं. त्यांच्यातले काही स्वतःच श्रीमंतांच्या दारात सकाळी ताटकळत, पंगतीत शेवटी बसत, यजमानाला पांढरा पाव आणि आपल्याला कडक तुकडा हे मुकाट गिळत. ते खालून वर बघून हसत होते. मी समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये, एसीत बसून, वरून खाली बघत लिहिलं होतं. लाज वाटली, आणि फार उशिरा वाटली.

त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन जलीबला गेलो. एका खोलीत आठ जण, मजल्याला एकच बाथरूम, बाहेर बादल्यांची रांग. शुक्रवारी नऊच्या आधी नंबर लागत नाही, असं खोलीतल्या एकाने सांगितलं. म्हणजे आमचा मखर वेळेवर व्हावा म्हणून हा माणूस आंघोळीचा नंबर सोडून येत होता, दिवसभर घामात ठोकाठोक करत होता आणि आमच्यात बसता यावं म्हणून अत्तर लावत होता.

मी म्हणालो, "माझं चुकलं. तसं लिहायला नको होतं."

त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. "तुमचा काय चुकला नाय, साहेब. आपला वास आपल्याला कळत नाय. बरा झाला तुम्ही सांगितलात. इतकी वर्सं वहिनींच्या बाजूला बसून जेवलो, त्यांना किती तरास झाला असंल. त्यांची माफी मागितली म्हणून सांगा."

घरी आलो, पण हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.