असली वाघनख, चंद्रपूरच्या जंगलातलं

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करून मी निवृत्तीनंतर बरेच तपास लोकांना सांगितले. दरोड्याचा सांगितला, खुनाचे दोन सांगितले. हा एक मात्र दरवेळी टाळला. कोणी विचारलंच तर ‘किरकोळ होता’ म्हणून मोकळा झालो. तो किरकोळ नव्हता. आता वय झालं आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. आमच्या ठाण्यात संगणक होता, पण इंटरनेटची लाइन महिन्यातले वीस दिवस बंद असायची. त्यामुळे साप्ताहिक अहवाल पाठवायला मी बाजारातल्या सायबर कॅफेत जात असे. तीन संगणकांचं दुकान. चालवणारा तिशीतला, सडपातळ, गावातल्याच मासेमारी करणाऱ्या घरातला, घरात पहिला शिकलेला. सगळे त्याला भाऊ म्हणत. मीही म्हणत असे.

भाऊ जुन्या-नव्या वस्तू नेटवर विकायचा. लोकांनी आणलेले मोबाइल, रेडिओ, कॅमेरे. शिवाय गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा एक कारागीर महिन्यातून एकदा बाजारात यायचा. त्याने म्हशीच्या शिंगातून कोरलेल्या फण्या आणि गळ्यात घालायची, नखासारखी वाकडी लॉकेटं भाऊ ठेवून घ्यायचा. जाहिरातीच्या शीर्षकावर तो फार डोकं चालवायचा. मला एकदा त्याने समजावून सांगितलं होतं, “सायेब, घेणारा माणूस शोधताना जे टाइप करन, तेच पयले लिवाचं. वस्तू काय, कायची बनली, केवढी, नवी का जुनी. ‘एकदम मस्त’ लिवून काई होत नाई. मस्त कोन शोधते?” मोबाइलचं मॉडेल आधी, रंग नंतर, चार्जर सोबत असेल तर तेही वरच. त्याच्या वस्तू खपत.

लॉकेटं मात्र खपेनात. ‘म्हशीच्या शिंगाचं लॉकेट, हातकाम, तीन इंच’ असं अगदी बरोबर शीर्षक होतं. दोन महिने कोणी पाहिलं नाही. त्या दिवशी माझा अहवाल जात होता, लाइन हळू होती, हातात चहा होता. मी सहज म्हणालो, “अरे, शिंग कोण शोधतो? ‘असली वाघनख, चंद्रपूरच्या जंगलातलं’ लिही. बघ कसे तुटून पडतात.”

तो हसला नाही. म्हणाला, “खोटं होईन ना सायेब.”

“खाली लिही ना शिंगाचं आहे म्हणून. वरचं फक्त बोलवायला असतं.”

ठाणेदाराने सांगितलं म्हणून त्याने ते केलं. मी चहा संपवून निघालो आणि विसरलो.

तीन आठवड्यांनी पोलीस अधीक्षक कार्यालयातून फॅक्स आला. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने इंटरनेटवरच्या संशयास्पद जाहिरातींची यादी दिली होती. एका ओळीत एक शीर्षक, पुढे विकणाऱ्याचं गाव. चौथ्या ओळीवर माझे शब्द होते. जसेच्या तसे. त्या हंगामात जंगलात दोन वाघ मेलेले सापडले होते आणि वरून रोज फोन येत होते. फॅक्सचा गुळगुळीत कागद माझ्या बोटांच्या घामाने ओला झाला, हे मला अजून आठवतं.

पंच घेऊन गेलो. झडतीत पाच लॉकेटं आणि एक संगणक जप्त केला. पंचनामा लिहीत असताना मी जाहिरातीचं पान उघडून छापून घेतलं. खाली स्पष्ट लिहिलं होतं: म्हशीच्या शिंगातून कोरलेलं. भाऊने माझं ऐकलं होतं, दोन्ही बाबतींत. तो कागद मी घडी करून खिशात टाकला. गुन्ह्याच्या कागदपत्रांना फक्त फॅक्स जोडला. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळाने ती जाहिरात काढून टाकली आणि मग माझ्या खिशाशिवाय ते वाक्य कुठेच उरलं नाही.

आमचे एक जुने हवालदार होते. त्यांनी मुद्देमाल हातात घेऊन पाहिला. म्हणाले, “साहेब, नख आतून पोकळ असते. हे भरीव आहे. माही सत्तर वर्षांची माय पण सांगन.”

मी म्हणालो, “ते तज्ज्ञ सांगतील.” त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सील लावायला घेतलं.

दुपारी गुन्हे शाखेचे निरीक्षक चौकशीला येणार होते. ते येण्याआधी मी पहाऱ्यावरच्या शिपायाला चहा सांगायला पाठवलं आणि भाऊच्या कोठडीशी गेलो. जे बोललो ते आज शब्दशः लिहितो, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहे. “माझं नाव निघालं तर तुला सोडवणारा इथे कोणी उरणार नाही. आणि तो कारागीर कोणत्या गावचा आहे, ते मला माहीत आहे.”

त्याने गज धरले होते, ते सोडले. मागे भिंतीपर्यंत सरकला. मी पस्तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरची भीती पाहिली. गुन्हेगाराची भीती वाटा शोधते, डोळे फिरत राहतात. याचे डोळे माझ्यावरच थांबले होते.

निरीक्षकांनी तासभर विचारलं. कातडी कुठे आहे, सांगाडा कुठे पुरला, तुला माल देणारा कोण. तो एकच सांगत होता, शिंग आहे सायेब, म्हशीचं शिंग आहे. मग त्यांनी विचारलं, “शिंग आहे तर वाघनख कोणी लिहायला सांगितलं?”

मी टेबलाच्या बाजूला उभा होतो. एका शब्दात माझी नोकरी, घर, मुलीचं ठरलेलं लग्न सगळं अडकलं होतं. भाऊने मान वर केली नाही.

“कोनी नाई सायेब. माह्यंच डोकं.”

ते लिहून घेतलं गेलं. सहीच्या जागी त्याने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

कारागिराच्या गावी पथक गेलंच. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं, हे धमकी देतानाही मला ठाऊक होतं. त्या भागात पोलिसांच्या जीपचा आवाज आला की माणसं कामं टाकून जंगलात शिरत. कारागीर सापडला नाही. गावकऱ्यांनी घरातल्या शिंगाच्या फण्या विहिरीत टाकल्या, असं शिपायांनी परत येऊन हसत सांगितलं. तो माणूस आमच्या बाजारात पुन्हा दिसला नाही.

भाऊची बायको रोज डबा घेऊन ठाण्यात यायची. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, “सायेब, तुमी त् दुकानात बसत होते. तुमाले मालूम हाय ना तो कसा हाय. मंग काऊन बोलून नाई राह्यले?” मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, यापुढे डबा दारातच घ्यायचा.

जामीन झाला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल पाचव्या महिन्यात आला. पाळीव म्हशीचं शिंग. न्यायालयाने त्याला सोडलं. तोवर दुकान मालकाने रिकामं करून घेतलं होतं आणि गावात त्याचं नाव ‘वाघमाऱ्या’ पडलं होतं. निर्दोष सुटल्याची बातमी कोणी छापली नाही. मला त्या वर्षी तत्पर कारवाईबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

या तपासाने मला शिकवलं ते एवढंच. माणसं वरची ओळ वाचतात आणि पोलीसही वरचीच ओळ वाचतात. कलम एकदा लावलं की खालचा मजकूर वाचायला कोणाला वेळ नसतो. म्हणून ज्याला खालचं माहीत असतं, त्याने बोलायचं असतं. मी बोललो नाही. कायद्याची नव्हे, स्वतःचं काय होईल याची भीती होती. ती इतर कोणाच्या भीतीपेक्षा मोठी मानली.

निवृत्तीनंतर कळलं की भाऊ भद्रावतीत आहे. बसमध्ये मी वाक्य पाठ करत गेलो: चूक माझी होती, ते शब्द माझे होते, मला माफ कर. झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखला. त्यानेही ओळखलं. मी साध्या कपड्यांत होतो, हातात काठी होती. तरीही तो झटकन उभा राहिला आणि खुर्ची मागे पडली.

“सायेब, मी आता नेटवर काईच नाई इकत. नुसतं झेरॉक्स. पाहा ना तुमी.” मी काही बोलायच्या आत त्याने एकेक करून दुकानातले सगळे खण बाहेर ओढले. कोरे कागद, शाईच्या डब्या, पिना. शेवटचा खण अडकला, तरी तो ओढतच राहिला.

मी खिशातून पेन्शनचा कागद काढला आणि म्हणालो, “दोन प्रती दे.”