बॉनेटवरचा हात

नवी गाडी मी पहिल्यांदा नेहमी मागून पाहतो. पुढून सगळ्याच गाड्या मिशांना पीळ भरून उभ्या असतात. त्यांचं खरं काय ते मागून कळतं. नागावच्या त्या बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा ती अमेरिकन गाडी माडांच्या सावलीत पाठमोरी उभी होती, आणि पाठमोरी तरी मला ती आवडली. रुंद, बसकी, मागच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्याची एकच पट्टी. शेजारी उभी असलेली बंगल्याच्या मालकाची, शेठची, जीप तिच्यापुढे अंग चोरून उभी असल्यासारखी वाटत होती.

गाड्यांवर लिहिणं हा माझा धंदा. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत माझं सदर असतं. ही गाडी म्हणजे एका जुन्या, नावाजलेल्या मसल कारचा नवा अवतार होता. जुनीच्या पोटात भलंमोठं पेट्रोल इंजिन असायचं आणि ती सुरू झाली की कानठळ्या बसायच्या. नवीचं सगळंच बदललेलं. न्हावा शेव्याला कंटेनरमधून उतरून ती थेट या बंगल्यावर आली होती. शेठ माणूस भला, त्याने दिवसभरासाठी चावी माझ्या हातात दिली. चावी म्हणजे साबणाच्या वडीएवढा प्लास्टिकचा तुकडा.

पुढे जाऊन पाहिलं तर नाकाखाली चक्क पोकळी. वारा आरपार जावा म्हणून ठेवलेली. बॉनेट उचललं, तर इंजिनाच्या जागी बॅग ठेवायचा काळा डबा आणि भोवती काळी झाकणं. गाडी विजेवर चालणारी होती, हे मला ठाऊक होतंच. तरी एवढ्या लांबलचक बॉनेटखाली डबा पाहून मनात आलं, बडा घर पोकळ वासा. आत बसलो, बटण दाबलं, काहीच झालं नाही, म्हणजे गाडी सुरू झाली. मग शेठने पडद्यावर काहीतरी चाचपलं आणि मागच्या भोंग्यांतून जुन्या इंजिनाचा आवाज सुटला. खोटा, पण असा की माडांवरचे कावळे उडाले. शेठ माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

चालवायला ती उत्तम होती, हे मान्य केलं पाहिजे. पाय दाबला की पाठ सीटला चिकटत होती. पण खरं सांगायचं तर मी गाडीसाठी गेलोच नव्हतो. मी बापसासाठी गेलो होतो.

माझा बापूस उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळत राहिला. फळ्यांखालच्या उघड्या डिझेल इंजिनाशेजारी बसून बसून त्याचे कान गेले. आमच्या कोळीवाड्यात इंजिनवाल्यांचे कान जातातच, त्याचं कोणाला नवल नाही. कान गेले तसा तो तळहाताने ऐकायला लागला. इंजिनाच्या झाकणावर उजवा हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि त्याला काय दुखतंय ते सांगायचा. बोटीवरचं काम सुटल्यावरही हे सुटलं नाही. बोटी निघायच्या आधी तांडेल, म्हणजे बोटींचे म्होरके, त्याला बोलवायला घरी माणूस धाडत. म्हातारा जेटीवर जायचा, एकेका बोटीत उतरून हात ठेवायचा आणि मान हलवायचा. मग बोट सुटायची. आता इंजिनांना सगळे मीटर असतात, म्हाताऱ्याच्या हाताची गरज कोणाला नव्हती. पण त्याचा हात लागल्याशिवाय बोट काढायची नाही, असं होऊन बसलं होतं. थोडी श्रद्धा, थोडा मान. त्याला मात्र तो मान आहे हे माहीत नव्हतं, त्याला ते काम वाटायचं. आणि ते काम होतं म्हणून तो वेळेवर अंघोळ करत होता, दोन घास जेवत होता, आईशी भांडत होता.

या वर्षी तो फार मिटून गेला होता. जेटीवरून आला की ओट्यावर बसायचा तो बसायचाच. काही वर्षांपूर्वी याच गाडीचा जुना अवतार शेठकडे आला होता, तेव्हा मी बापसाला तिथे नेलं होतं. त्याने चालू गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि तो हसतच सुटला. "यो तं ट्रॉलर हाय," असं म्हणाला आणि पुढे कितीतरी दिवस जेटीवर भेटेल त्याला तेच सांगत राहिला. मला ते हसू परत बघायचं होतं. नवीचाही एवढा मोठा आवाज आहे म्हणजे हाताला काहीतरी लागणारच, असं मी गृहीत धरलं. धड कानाच्या माणसाची अक्कल ती.

आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, त्याला बसू दे गप, तुझ्या गाड्यांचं कौतुक तुझ्यापाशी ठेव. आईचं ऐकण्याची सवय आमच्या घरात कोणालाच नाही.

दुपारी गाडी कोळीवाड्यात घातली. गल्ली एवढीशी, दोन्ही बाजूंना सुकट पसरलेली, बायका शिव्या देत देत ती बाजूला ओढत होत्या. आमच्या घरासमोर थांबलो. बापूस ओट्यावरून उठला. गाडीचं तोंड बदललं असलं तरी तिचा बसकेपणा त्याने ओळखला असावा, कारण त्याचा चेहरा उजळला. तो स्वतःहून खाली आला, उजवा हात शर्टाला पुसला आणि बॉनेटवर ठेवला. डोळे मिटले. मी आवाज पूर्ण वाढवून सोडला.

बायकांनी कानात बोटं घातली. कुत्री पळाली. आमच्या घराच्या पत्र्यावर कोणी दगड टाकतंय असं वाटत होतं. बापूस तसाच उभा, डोळे मिटून, कोणीतरी बोलेल म्हणून वाट बघत असलेला. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून पंजा आडवा धरला.

बोटीवर इंजिनाच्या गोंगाटात बोलता येत नाही, म्हणून तिथे हाताच्या खुणा चालतात आणि बापसाशी आम्ही घरातही त्यांतच बोलतो. आडवा पंजा म्हणजे बंद. वळलेली मूठ म्हणजे चालू. मी खिडकीतून मूठ दाखवली.

त्याने हात सरकवून पुन्हा ठेवला. मग डावा ठेवला. मग मान वर केली आणि पहिल्यांदाच आजूबाजूला पाहिलं. शेजारणी कान झाकून उभ्या होत्या. दाराशी आई तोंड वेडंवाकडं करून मला बंद कर म्हणत होती. सगळ्या कोळीवाड्याला लागत होतं ते त्याच्या हाताला लागत नव्हतं. त्याने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, पाण्यात पडलेला टॉर्च झटकावा तसा झटकला, मांडीवर चोळला आणि पुन्हा टेकवला. तेव्हा काय होतंय ते मला कळलं: आवाज मागच्या भोंग्यांचा होता, बॉनेटखाली थरथरणारं काहीच नव्हतं. मी धडपडत आवाज बंद केला, पण त्याला तो बंद झालेलाही कळला नाही.

"हात पन गेला," तो म्हणाला. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात. हे तो हळू बोलला.

मी खाली उतरून त्याला समजवायला लागलो. बॉनेट उघडून काळा डबा दाखवला. त्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटीतलं इंजिनही फळ्यांखाली झाकलेलंच असतं. बॅटरीची खूण केली. बॅटरीवरची स्कूटर त्याला ठाऊक होती, शेजारच्यांकडे आहे, पण तिला आवाज नसतो आणि तिच्यासाठी कोणी कानात बोटं घालत नाही. आवाज खोटा आहे, हे कसं सांगायचं? आमच्या खुणांमध्ये जाळं आहे, वादळ आहे, माणूस पाण्यात पडला आहे, पण इंजिनाचा खोटा आवाज नाही. शेवटी मी शिडाची खूण केली. शिडावरची होडी इंजिनावाचून चालते, तशी ही चालते, असं मला म्हणायचं होतं. बापसाने वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याची थट्टा करतोय असं त्याला वाटलं असतं तर बरं झालं असतं, तो चिडला तरी असता. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. कान गेले तेव्हाही आम्ही असंच काहीबाही सांगून त्याची समजूत काढत होतो, ते तो विसरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेटीवरून माणूस बोलवायला आला, तेव्हा बापूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर तांडेल स्वतः आले, हात जोडले, चहा घेऊन परत गेले. बोटी सुटतच होत्या, त्यांना काय? पुढे पुढे माणूस येईनासा झाला. आईने जेवण ताटात वाढलं की तो ते चिवडायचा. हात सारखा काखेत धरून बसायचा, थंडी वाजत असल्यासारखा. आई मला एकदाच बोलली, "तुला कोनी सांगितलं होतं?"

लेख मात्र मी लिहिला. वेग, लांबी, आतली जागा, पडदे, सगळं लिहिलं. गाडी चांगलीच आहे. आवाजावर दोन परिच्छेद लिहिले आणि काढून टाकले. मला त्या अमेरिकेतल्या कोण्या शहाण्याचा गळा धरावासा वाटत होता. इंजिन काढलंत ना, मग गप्प तरी बसायचं. पण तो शहाणा काही गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला नव्हता.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि मला राहवेना. एका सकाळी मी बापसाला जवळजवळ ओढतच जेटीवर नेलं. चुलतभावाची बोट लागलेली होती, तोच तिचा तांडेल. त्याने काही न विचारता इंजिन सुरू केलं. मी बापसाला खाली उतरवलं, काखेतला त्याचा हात ओढून काढला आणि झाकणावर दाबून धरला. खरं डिझेल इंजिन. फळ्या थरथरत होत्या, माझे दात वाजत होते, त्याच्या हाताच्या पाठीवरची सैल कातडीसुद्धा हलताना दिसत होती. त्याला लागत नसेल असं शक्यच नव्हतं.

मी मोकळ्या हाताची मूठ वळून त्याच्यासमोर धरली. चालू आहे ना?

त्याने डोळे मिटले नाहीत. झाकणाकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडेही नाही. तो माझ्या मुठीकडे बघत राहिला. चुलतभाऊ दोर हातात घेऊन वाट बघत थांबला होता.

"तू सांगतंस तर हाय," बापूस म्हणाला, आणि माझ्या खांद्याचा आधार घेत बोटीतून वर चढला.