ऐकायची सवय

माझी थोरली मावशी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती, सव्वीस वर्षं. मुख्य दारातून आत शिरलं की डावीकडे जिन्याखाली तिची खोली. एक पलंग टाकला असता तर दार उघडलं नसतं, एवढीच. तिथे भिंतीला लागून तिचा बोर्ड उभा होता. त्यात भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. वॉर्डात कोणी फोन उचलला की दिवा लागायचा. मावशी त्या भोकात वायर खुपसून नंबर विचारायची आणि दुसरी वायर बाहेरच्या लाइनला जोडून द्यायची. समोर प्रत्येक जोडीसाठी एक कळ होती. ती पुढे केली की दोन्हीकडचं बोलणं ऑपरेटरच्या कानात येई. फोन लागल्याची खात्री झाली की कळ मागे घ्यायची, असा नियम होता.

मावशी ती मागे घ्यायची नाही.

ही गोष्ट तिनेच मला सांगितली, मी चांगली मोठी झाल्यावर, मटार सोलता सोलता. तिचं म्हणणं, सुरुवात घरातल्या शांततेमुळे झाली. काका, म्हणजे तिचे यजमान, त्याच इस्पितळात बॉयलरवर होते आणि सगळे त्यांना मौनीबाबा म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण तोंड उघडायला जड. भाजीत मीठ कमी पडलं तर ते नुसतं बरणीकडे बघत. मूलबाळ नव्हतं. मग मावशीने दुसऱ्यांच्या बोलण्यावर आपली हौस भागवली. कोणत्या डॉक्टरांची सासू रुसून बसलीय, हिशेबनीस बायकोला काय खोटं सांगून उशिरा घरी जातात, सगळं तिला तोंडपाठ. आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलंच नाही. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणताना तिला शेजारणीशी झालेली बोलाचाली आठवायची, फार तर स्वतःचा आळस. कळ कधी आठवली नाही.

बाळंतिणींच्या वॉर्डात एक तरुण नर्स होती, अबोल आणि कामाला चोख. ती रोज दुपारी चारला आईला फोन लावायला सांगायची. आईपाठोपाठ फोनवर एक लहान मुलगी यायची, जेमतेम तीन वर्षांची. आज मांजर आलं होतं, माझी चप्पल हरवली, असं काहीबाही बोलायची. मावशीला त्या आवाजाचा लळा लागला. चार वाजायच्या आधीच ती चहा संपवून तयार बसायची. आणि एके दिवशी पोरीने फोनवर 'आई' अशी हाक मारली. नर्सने घाईने तिला गप्प केलं.

नर्स नर्सेसच्या वसतिगृहात राहत होती आणि तिथे फक्त अविवाहित मुलींनाच जागा मिळे. मावशीला हे माहीत होतं. तरी दोन दिवसांनी तिच्या तोंडून ते निसटलं. कँटीन चालवणाऱ्या बाईला तिने सांगितलं, वर 'कुणाला बोलू नका हं' अशी पुस्तीही जोडली. आठवड्याभरात सगळ्या इस्पितळात बभ्रा झाला. पंधराव्या दिवशी नर्सने राजीनामा दिला.

जाताना ती जिन्याखालच्या खोलीत आली. हातात पत्र्याची ट्रंक होती. मावशीला म्हणाली, "तुम्ही माझा फोन नेहमी लगेच लावून दिलात. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. मावशीने मान हलवली.

त्यानंतर तिला जेवण जाईना. प्रार्थना करायची, रडायची, पण उठल्यावर पुन्हा तेच. शेवटी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते चर्चच्या मागच्या खोलीत फाटक्या गीतपुस्तकांना खळ लावत बसले होते. त्यांनी काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. देवाजवळ क्षमा मागितली का, असं त्यांनी विचारलं. रोज मागते, मावशी म्हणाली.

"आणि त्या मुलीजवळ?"

मावशीने एक सुटलेलं पान उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"देव क्षमा करतो, बाई, त्यात शंका नको. त्याने क्रुसावर किंमत मोजूनच ती दिलीय. पण त्या मुलीला जे बोलायचं असेल, ते तिच्यासमोर उभं राहून ऐकायचं तुमचं राहिलंय."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मावशी बसने तीन तास प्रवास करून नर्सच्या आईच्या घरी गेली. दार नर्सनेच उघडलं. मावशीने उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, की मी तुमचं बोलणं ऐकत होते आणि मीच ते बाहेर फोडलं. आतून ती लहान मुलगी पळत येऊन आईच्या मागे लपली आणि 'ही कोण' म्हणून विचारू लागली. ज्या आवाजासाठी मावशी घड्याळाकडे डोळे लावून बसायची, त्या आवाजाला पहिल्यांदा चेहरा मिळाला. तिला त्या पोरीकडे बघवेना.

नर्सने मुलीला आत पाठवलं. मग म्हणाली, "तुम्ही येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. पण आत या, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," मावशी म्हणाली आणि परत फिरली.

बसमध्ये तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त खोटेपणा संपला होता. घरी येऊन तिने काकांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून तिच्यासाठी चहा टाकला.

एकदा पश्चात्ताप झाला की सवय आपोआप सुटेल, असा मावशीचा समज होता. झालं उलटंच. कळ मागे घ्यायला लागल्यावर तिला कळलं की आपला हात किती हट्टी आहे. मग तिने एक शिस्त लावून घेतली. फोन लागला की कळ मागे, दोन्ही हात मांडीवर आणि तोंडाने हळूच, "प्रभू, माझा हात धर." दिवसातून दीडशे वेळा. तिसऱ्या आठवड्यात हिशेबनिसांचं सासऱ्यांशी वाजलं, तेव्हा तिला राहवलं नाही. चार वाक्यं ऐकली आणि चटका बसल्यासारखी कळ सोडली. पाळकसाहेबांना तिने तेही सांगितलं. ते म्हणाले, "चारवर थांबलात ना? आधी तर अख्खं भांडण ऐकून उठायचात." मावशीला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना.

असं दीड वर्ष गेलं. मग काकांच्या पोटात दुखायला लागलं. तिथेच दाखवलं, तपासण्या झाल्या, निकाल यायचा होता. एका दुपारी सर्जनच्या खोलीचा दिवा लागला. त्यांनी बाहेरगावचा नंबर मागितला. मावशीने तो लिहून घेतला आणि तिचा हात थांबला. तो तिच्या थोरल्या दिरांचा नंबर होता.

डॉक्टरांना कदाचित कोण बोलतंय याचंही भान नव्हतं. त्यांच्यासाठी ती नेहमीची ऑपरेटर होती. तिने नंबर लावला. पलीकडून दिरांचा आवाज आला. "बोला," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि तिची बोटं कळीवर तशीच राहिली.

"तेव्हा मला सगळी कारणं सुचली," मावशी म्हणाली. "माझा नवरा. माझा हक्क. यात कुणाचं वाईट होणारे? आणि सगळी खरीच होती. म्हणून तर कठीण."

तिने कळ मागे घेतली. हात मांडीवर ठेवले, पण ते पुन्हा कळीकडे जाऊ लागले, म्हणून ती त्यांवर बसली. शब्दशः, हात खुर्चीवर आणि वर ती. नेहमीची प्रार्थना तिने म्हटली आणि पुढे तिला काहीच मागता आलं नाही. दिवा जळत होता, बोलणं चालू होतं. आणि मग भीती ओसरली. जे काही असेल ते देवाला माहीत आहे, एवढं तिला पुरलं. मधे दुसरे दोन दिवे लागले. ते तिने नीट जोडून दिले.

संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे बॉयलरकडून हात धुऊन आले, पण घराकडे न वळता तिला इस्पितळामागच्या बाकावर घेऊन गेले. म्हणाले, "पोटात गाठ आहे. तुला कसं सांगू ते सुचेना, म्हणून डॉक्टरांना म्हटलं, आधी दादाशी बोला." मग ते बोलत राहिले. ऑपरेशनची भीती वाटते म्हणाले. तिला एकटं टाकून जायची जास्त वाटते म्हणाले. लग्नाच्या एकवीस वर्षांत ते इतकं बोलले नव्हते. मावशी पहिल्यांदाच ऐकत होती, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्याचा आव तिला आणावा लागला नाही.

"आधीच ऐकून आले असते तर त्यांच्यासमोर नाटक केलं असतं मी," ती मला म्हणाली. "त्यांना ते कळलं असतं. मग बंदच केलं असतं त्यांनी बोलणं."

गाठ काढली. काका आणखी सात वर्षं जगले. बोलके झाले असं नाही, पण रात्रीचं जेवण झालं की ताट उचलायच्या आधी काहीतरी एक सांगत: आज वाल्व्ह गळत होता, आज पाठ दुखतेय. मावशी हातातलं काम ठेवून ऐकायची.