उतरायचं राहिलं

उरणच्या आमच्या आळीत गडांचं वेड एकट्या अनंताला. आठवडाभर कंटेनर यार्डात ट्रेलरवाल्यांवर ओरडणार आणि रविवारी आम्हा दहा-बारा जणांना पालीकडच्या एखाद्या गडावर हाकलणार. बाकीचे लोक चढायचं कसं ते आधी ठरवतात, हा उतरायचं ठरवतो. उतरताना ऊन कुठून येणार, पाणी शेवटचं कुठे मिळणार, कोणाचे गुडघे रडणार. गुडघे बहुधा माझेच. वाटेबद्दल जरा शंका आली तरी बेत रद्द. आम्ही त्याला भित्री भागूबाई म्हणायचो.

गणपतीनंतर त्याची बायको कमळ गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. अनंता रडला नाही. तेरावं झाल्यावर कामावर गेला. विचारलं तर "बरा हाय" म्हणायचा. कधी कधी वाटे, याला एक सणसणीत ठेवून द्यावी, म्हणजे आतलं काहीतरी बाहेर येईल.

डिसेंबरात त्याने आपणहून सुधागड ठरवला. मला बरं वाटलं. आमच्या ओट्यावर बसून त्याने सगळं नीट सांगितलं. पहाटे निघायचं, पाच्छापूरच्या बाजूने शिडीवरून चढायचं, वर भोराईच्या देवळापाशी डबे सोडायचे. मग थांबला.

"नि उतरायचं?" मी विचारलं.

"तुमी उतराल की. वाट वळखीची हाय."

"नि तू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यात धमकी नव्हती की नाटक नव्हतं. स्वतः खाली यायचंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय नको सुधागड न् बिधागड!" मी ओरडलो. "आत चल, जेव गप."

का, असंही त्याने विचारलं नाही.

माझ्या बायकोने, किशोरीने, आतून सगळं ऐकलं होतं. तिने सोडे-बटाटा नि भात वाढला. तो मुकाट जेवला. निघाला तेव्हा ती म्हणाली, "भावजी, पोचलात का फोन करा."

त्याचं घर आमच्या ओट्यावरून दिसतं. मी हसणार होतो, तिने डोळे वटारले.

थोड्या वेळाने फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"वयनी, पोचलो," अनंता म्हणाला.

पुढे काही बोलेना, आणि फोनही ठेवेना. किशोरी पदराने डोळे पुसत उभी राहिली. तिनेही ठेवला नाही.