दोन उन्हं

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. गिरणीत भात पारखणाऱ्या म्हाताऱ्याची नक्कल मात्र पुष्कळदा करून दाखवली. गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा एक दाणा काढून उरलेल्या दोन दातांत धरायचा, डोळे मिटायचे. दाणा कटकन तुटला तर मान हलवायची. नाहीतर, "दोन उन्हं दाखवा रं अजून." लोक हसायचे. तुम्हीही हसला असता.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कर्जतच्या एका भातगिरणीत मी कारकून होतो, वय वीस. गाडीवाले मला बघून म्हणायचे, "पोरा, कोन मोठं मानूस हाय का आत?" शेठ नावानेही हाक मारत नसत. म्हातारा तेवढा, सगळे त्याला बाबा म्हणत, विचारायचा, "भाऊ, तुमाला काय वाटतं?" आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायचा.

एका दुपारी कडावहून गाडी आली. म्हाताऱ्यानं दाणा चावला. "ओलं हाय. दोन उन्हं," म्हणाला आणि भाकर खायला गेला. गाडीवाला माझ्याकडे बघून हसला. "तुला इचारून काय उपेग? तू पोरगं." मी तिथल्या तिथे गोण्या भरडायला लावल्या.

अख्खा तांदूळ पडलाच नाही. नुसती कणी.

"कुणी घेतलं हे?" शेठनी विचारलं.

"बाबांनी," मी म्हणालो.

पुढे मला काहीच रचावं लागलं नाही. "दात गेले त्याचे, आता कळायचं कुठून," शेठ म्हणाले. हमालांनी माना डोलावल्या. भाकर खाऊन परतलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जिभेनं ते दोन दात चाचपले.

"आसंल, शेठ," म्हणाला. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि गेला. त्याला कुणी परत बोलावलं नाही.

आज माझ्या तोंडात एकही दात नाही. डॉक्टर माझं दुखणं माझ्या मुलाला विचारतात.

तो गेल्यावर दोन वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो होतो. तो अंगणात वाळत्या भातापाशी कोंबड्या हाकत बसला होता. "या, भाऊ," म्हणाला. सून आतून आली. "त्यांना आता काय कळत नाय. माझ्याशी बोला."

मी एक दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चावला नाही. हात सुनेपुढे केला. "हिला इचारा."

"ते भात ओलंच होतं, बाबा. तुम्ही सांगितलं होतं." वाटेभर हेच घोकत गेलो होतो.

तिथे म्हणालो, "ऊन चांगलं पडलंय आज."